पंपाची हाक

वायरताईला राग यायला कारण लागत नाही, असं लाँच दुरुस्तीच्या यार्डातले लोक म्हणायचे. ते खोटं होतं. कारण लागायचं, फक्त ते फार मोठं असावं लागायचं नाही. कुणी पक्कड जागेवर ठेवली नाही, कुणी दोन वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळला, कुणी स्क्रू अर्धवट पिळून चहाला गेला, की तिच्या तोंडाचा पट्टा सुटलाच. लाँचच्या वायरिंगमध्ये तिचा हात धरणारं यार्डात कुणी नव्हतं, म्हणून सगळे ऐकून घेत आणि तिची पाठ वळली की हसत.

त्या बुधवारी मात्र कारण चांगलं मोठं होतं. तिच्या बाबांना, एकतीस वर्षं तांडेल म्हणून लाँच चालवण्यात काढलेल्या माणसाला, चार लोकांसमोर निष्काळजी ठरवायचं घाटत होतं. त्यासाठी सकाळी दहाची वेळही ठरली होती.

झालं होतं असं. एरवी एकही दिवस न थांबणारी लाँच त्या शनिवार-रविवारी बंद होती. सोमवारी सकाळी बाबा धक्क्यावर गेले, तर लाँच मागच्या अंगाने चिखलात बसलेली. मागचे बाक पाण्याखाली, इंजिन पाण्याखाली, पुढची स्टिअरिंगपाशीची जागा तेवढी कोरडी. त्यांनी लाँचच्या मालकीणबाईंना फोन केला. बाई अर्ध्या तासात आल्या, आणि येताच त्यांनी स्टिअरिंगशेजारच्या एका छोट्या खटक्याचा मोबाइलवर फोटो काढला.

तो खटका पंपाचा होता. लाँच म्हटली की तळात थोडं पाणी झिरपणारच, पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथून थेंब थेंब येतंच. ते उपसायला तळाशी एक पंप असतो आणि त्याच्या शेजारी एक तरंगतं पातं. पाणी चढलं की पातं वर येतं आणि पंप आपोआप सुरू होतो. पाणी उतरलं की पातं खाली आणि पंप बंद. तांडेल घरी घोरत पडला असला तरी काही बिघडत नाही. त्याने एवढंच करायचं, की पुढच्या छोट्या खटक्याच्या तीन घरांपैकी, म्हणजे ऑटो, बंद आणि चालू यांपैकी, खटका कायम ऑटोवर ठेवायचा.

फोटोत तो बंदवर होता.

मालकीणबाईंनी विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, "राहिला असेल माझ्याकडून."

वायरताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती या वाक्याने. घराचं कुलूप तीनदा ओढून पाहिल्याशिवाय जिना न उतरणारा हा माणूस. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारा. एकदा तर बहिणीच्या घरी पोचल्यावर त्यांनी शेजाऱ्यांना फोन करून नळ बघायला लावला होता, आणि आई आजही ती गोष्ट पाहुण्यांना सांगते. अशा माणसाकडून खटका राहतो? आणि राहिला असेल तर तो इतक्या थंडपणे सांगतो? मालकीणबाई त्यांच्याकडून तसं लिहून घेणार होत्या. ते लिहिलं की लाँच चालवायचा परवाना गेला, आणि निवृत्तीला एक वर्ष उरलेलं असताना माणूस धक्क्यावर तोंड दाखवायच्या लायकीचा उरला नाही.

दोन दिवस ती घरात त्यांच्याशी भांडत होती. भांडत होती म्हणजे बोलत एकटी तीच होती. बाबा भात कालवत, मान खाली घालून जेवत आणि ताट उचलून मोरीत ठेवत. मंगळवारी तिने हातातला डाव आपटला आणि म्हणाली, तुम्ही असे मूग गिळून बसणार असाल तर मीच बोलते त्या बाईंशी. त्यावर बाबांनी पहिल्यांदा मान वर केली आणि तिला बजावलं, की तिने यात अजिबात पडायचं नाही. आईने दोघांकडे बघितलं आणि वाढायचं सोडून आत निघून गेली.

तिचा संशय कुणावर होता, हे अख्ख्या यार्डाला ठाऊक होतं. पंप मागच्या वर्षी फोरमनने बसवला होता. फोरमन मनाने वाईट नव्हता, पण त्याचं काम म्हणजे चालतंय ना, मग झालं, या जातीचं. पंप बसला, त्यानंतर महिन्याभराने स्टिअरिंगपाशीच्या खटक्यांच्या पॅनलचं काम तिने केलं होतं, आणि ते उघडून कुणालाही दाखवावं असं होतं. पंपाला काही झालं असेल तर ते फोरमनच्याच हातून. पण लाँच वर काढल्यापासून मालकीणबाईंनी तिला आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. पुरावा बिघडेल म्हणे. जणू ती वायरी चावूनच खाणार होती.

तर दहा वाजता धक्क्यावर पाच माणसं जमली. मालकीणबाई काखेत फाइल घेऊन, जलवाहतूक खात्याचा तपासनीस पेनाचं टोपण काढून, फोरमन तीन बादल्या घेऊन, बाबा हात मागे बांधून, आणि वायरताई हत्यारांची पिशवी खांद्याला लावून. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पण तिला जा म्हणायची हिंमतही कुणाला झाली नाही.

चाचणी साधी होती. फोरमनने मागची फळी उचलली. तळ कोरडा होता. त्याने पुढे जाऊन मोठा लाल खटका फिरवला, म्हणजे लाँचला वीज मिळाली. मग छोटा खटका ऑटोवर टाकला आणि धक्क्यावरून बादली सोडून पाणी ओढलं. एक बादली ओतली, दुसरी ओतली. तिसऱ्या बादलीला पातं उचललं गेलं, पंप घरघरला आणि बाहेरच्या भोकातून पाण्याची जाड धार नदीत पडायला लागली.

"पंप उत्तम आहे," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी फाइलमधून कागद काढला. तपासनिसाने दोन ओळी लिहिल्या. बाबांनी सहीसाठी हात पुढे केला.

तो पुढे आलेला हात बघून वायरताईचं डोकं सटकलं. निदान थोडं तरी अडावं माणसाने! हुज्जत घालावी, आवाज चढवावा, गेला बाजार चष्मा विसरलो म्हणून चार मिनिटं काढावीत. हा माणूस पेन मागत होता. पंपाची घरघर अजून चालू होती, आणि ती ऐकताना तिला एकदम जेवणाच्या टेबलावरची एक गोष्ट आठवली.

मागचं वर्षभर बाबा मधूनमधून सांगायचे, की पंप मला रोज सकाळी हाक मारतो. ते आत शिरले, लाल खटका फिरवला, की सगळ्यांत आधी पंप दोन मिनिटं ओरडून घ्यायचा आणि मग गप्प व्हायचा. बाबांना त्याची गंमत वाटायची. तिलाही वाटली होती. तुमच्याशी बोलणारं धक्क्यावर दुसरं आहे कोण, असं म्हणून ती हसलीही होती. आता तिच्या डोक्यात लख्ख पडलं. सकाळी दोन मिनिटं पाणी फेकायला लागतं, याचा अर्थ रात्रभर ते साचतं. म्हणजे रात्रभर पंप झोपलेलाच असतो.

"थांबा," ती म्हणाली. "ही चाचणी चुकीची आहे."

मालकीणबाईंनी कपाळाला आठ्या घालून घड्याळ पाहिलं. वायरताईने तिकडे लक्ष दिलं नाही. ती तपासनिसासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, की लाँच बुडाली तेव्हा आत माणूस होता का? नव्हता. मग माणूस आत असताना घेतलेल्या चाचणीचा उपयोग काय? तांडेल संध्याकाळी घरी जाताना लाँच जशी सोडून जातो, तशी ती सोडायची आणि मग पाणी ओतायचं. तपासनीस बेताचं बोलणारा माणूस होता. त्याने लिहिलेल्या दोन ओळींवर पेन आडवं ठेवलं आणि म्हणाला, करा.

"कशाला उगीच," बाबा म्हणाले. "झालंय ना सगळं."

"बाबा, लाँचमध्ये उतरा."

"अगं, कशाला?"

"उतरा म्हणते ना."

बाबा उतरले. रोजच्या हातांनी त्यांनी इंधनाचा नळ बंद केला, काचा सरकवल्या, बाकांखाली एकदा वाकून पाहिलं. छोटा खटका ऑटोवर आहे याची बोट लावून खात्री केली. मग लाल खटक्यापाशी त्यांचा हात थांबला. तरुणपणी त्यांच्या लाँचशेजारी बांधलेली एक होडी वायर जळून पेटली होती. तेव्हापासून लाल खटका बंद केल्याशिवाय ते कधी लाँचमधून उतरले नव्हते, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेला एकही तांडेल उतरत नव्हता. तिने त्याची आठवण करून दिली. त्यांनी तिच्याकडे न बघता खटका फिरवला. दिवा विझला, स्टिअरिंगसमोरच्या छोट्या पडद्यावरचे आकडे गेले आणि लाँच शांत झाली.

फोरमनने बादली ओतली. दुसरी. तिसरी. वायरताई टॉर्च लावून तळाशी वाकली होती. पातं तिला नीट दिसत होतं. ते हळूहळू वर आलं, आडवं झालं, पूर्ण उचललं गेलं. पंप गप्प होता. चौथी बादली, पाचवी. पाणी फळीच्या टोकाला लागलं तरी पंप गप्पच होता.

मग ती उठली आणि फोरमनकडे वळली. त्यानंतर तिने त्याला जे काही ऐकवलं, ते शेजारच्या दोन लाँचवरच्या लोकांनीही हातातली कामं टाकून ऐकलं. सगळं इथे सांगण्यासारखं नाही. थोडक्यात असं, की पंपाची वायर लाल खटक्याच्या आधी, थेट बॅटरीला जोडायची असते, म्हणजे सगळं बंद केलं तरी पंपाला वीज मिळत राहते. हे यार्डातल्या मांजरालाही कळतं, फोरमनला कळत नाही. अकरा वर्षं फोरमन म्हणवून घेतो आणि एक वायर सरळ जोडता येत नाही. एका माणसाची एकतीस वर्षं पाण्यात घालायला निघाला होता, आणि वर त्याच्याच चाचणीला स्वतः बादल्या ओतत होता, लाज कशी वाटली नाही. हे सगळं तिने श्वास न घेता म्हटलं. बोलून झालं तेव्हा तिला बरं वाटत होतं.

फोरमनने बादली खाली ठेवली. तो चिडला नाही, याचंच तिला नवल वाटलं.

"वायरताई," तो म्हणाला, "मी ती थेट बॅटरीलाच जोडली होती. उघडून बघ."

बघतेच, म्हणून ती तावातावाने पुढे गेली आणि पॅनलखाली आडवी झाली. झाकणाचे चारही स्क्रू नुसत्या बोटांनी सुटले. तिने पिळलेला स्क्रू बोटांनी सुटणं शक्य नव्हतं. म्हणजे हे झाकण मधे कुणीतरी उघडलं होतं आणि घाईने परत लावलं होतं. तिने झाकण बाजूला ठेवून टॉर्च धरला.

आत सगळ्या वायरी एका ओळीत होत्या. पंपाची तपकिरी वायर त्यांच्या बरोबर मधोमध, लाल खटक्यानंतरच्या पट्टीवर, स्क्रूखाली नीट बसवलेली. आणि चार-चार बोटांवर पिवळ्या सुतळीने बांधलेली. बाकी यार्ड प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरायचं. पिवळी सुतळी आणि जाळ्याची ही गाठ वापरणारं यार्डात एकच माणूस होतं. ती गाठ तिला बाबांनी शिकवली होती, ती आठ वर्षांची असताना, फाटकं जाळं पुढ्यात घेऊन.

मग तिला सगळं आठवलं, आणि आठवायला नको होतं असं वाटलं. मागच्या वर्षीची ती दुपार. बॅटरीपासून एक वायर एकटीच लोंबत फळीखाली गेलेली, वर ना नाव ना खूण. ती बघून तिचा पारा चढला होता. तिने अख्ख्या यार्डाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, की फोरमनसाहेब, ही वायर आहे का कपडे वाळत घालायची दोरी? लोक हसले होते. तिने ती वायर बॅटरीपासून तोडली, ओढून घेतली आणि इतर वायरींच्या ओळीत नीट बांधून टाकली. मग लाल खटका चालू असतानाच मागे जाऊन बोटाने पातं उचललं, पंप चालला, कागदावर बरोबरची खूण केली. वायर कुठे जाते ते बघितल्याशिवाय पक्कड लावायची नाही, हे सगळ्यांना ओरडून सांगणारी तीच होती. त्या दिवशी तिचं सगळं लक्ष ओरडण्यातच होतं.

ती पॅनलखाली तशीच पडून राहिली. वर कुणाचे तरी पाय आले. झिजलेल्या चपला बाबांच्या होत्या. सोमवारी मालकीणबाई यायच्या आधी लाँचवर दुसरं कुणी आलंच नव्हतं.

"हे झाकण तुम्ही उघडलं होतंत," ती खालूनच म्हणाली.

चपला एक पाऊल मागे सरकल्या.

"सुतळी बघितलीत. आणि मग तो छोटा खटका तुम्हीच ऑटोवरून बंदवर फिरवलात."

"हळू बोल," बाबा म्हणाले. ते तिच्यापाशी उकिडवे बसले, धक्क्याकडे पाठ करून. "माझं एक वर्ष राहिलंय. तुझी वीस आहेत. माझ्याकडून राहिला म्हटलं की संपलं. झाकण लाव आणि बाहेर ये."

तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो रागच. गेल्या दोन दिवसांत आला नव्हता एवढा, आणि तो कुणावर काढावा हे पहिल्यांदाच तिला कळेना. स्वतःवर आला होता, तो तर होताच. पण समोर बसलेल्या या म्हाताऱ्यावरही आला होता.

"लहानपणी एक गाठ चुकली तर अख्खी ओळ उसवायला लावायचात," ती म्हणाली. "तेव्हा नाही कधी झाकण लावलंत."

ती त्यांच्या बाजूने सरकून बाहेर आली. बाबांनी तिचं मनगट धरलं. तिने ते सोडवून घेतलं, धक्क्यावर चढली आणि तपासनिसाला म्हणाली, की वायर फोरमनने बरोबर जोडली होती, ती तोडून चुकीच्या जागी आपण लावली, आणि हे आपल्या नावावर लिहावं. मघाशी आपण फोरमनला जे बोललो तेही आपल्यालाच लागू आहे, असंही ती म्हणाली. हे वाक्य मात्र तिला दोन प्रयत्नांत म्हणावं लागलं. फोरमन धक्क्याच्या दगडांकडे बघत होता.

बाबा लाँचमधूनच म्हणाले, की ती काहीही बोलते आहे, खटका आपल्याकडूनच बंद राहिला. तपासनिसाने क्षणभर दोघांकडे बघितलं. मग पेन लाल खटक्याकडे रोखत म्हणाला, "हा बंद असताना तो छोटा खटका कशावरही असला, तरी पंप चालणार नव्हता. तांडेलाचा यात संबंध नाही." आधीच्या दोन ओळींवर त्याने काट मारली आणि नव्याने लिहायला घेतलं.

मालकीणबाईंनी आपला कागद फाइलमध्ये परत ठेवला. उद्यापासून हिने माझ्या एकाही लाँचला हात लावायचा नाही, असं त्यांनी फोरमनला सांगितलं. तिच्याशी त्या बोलल्याच नाहीत. यार्डातल्या निम्म्या लाँच त्यांच्या होत्या, त्यामुळे या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळला. तपासनिसाने कागदावर सही केली आणि त्या दोघांच्या पावलांचा आवाज धक्क्यावरून दूर गेला.

"आजचं काम तरी पुरं करू दे," वायरताई म्हणाली. फोरमनने टॉर्च उचलला. तिने पिवळी सुतळी कापली, वायर ओळीतून काढली, मधे फ्यूज बसवला आणि ती थेट बॅटरीला नेली. मग वायरीवर कागदाची चिठ्ठी गुंडाळून ठळक अक्षरांत लिहिलं: पंप, तोडू नये. फोरमनने ती वाचली आणि हसला नाही, हे त्याचे उपकार.

पंप सुरू झाला आणि मघापासून साचलेलं पाणी फेकून थांबला. बाबा तोवर धक्क्यावर पाठ करून उभे होते. तिने हाक मारली, तेव्हा ते उतरले, लाल खटका नीट बंद आहे हे पाहिलं आणि पुन्हा वर जाऊन तसेच उभे राहिले. तिने बादली ओतली. दुसरी ओतली. तिसरीला पातं वर आलं आणि बाकी सगळी लाँच मेल्यासारखी असताना एकटा पंप घरघरायला लागला.

"तुझं काम गेलं," बाबा नदीकडे बघत म्हणाले.

"हो."

"मला विचारायचं तरी होतंस."

"तुम्ही मला विचारलं होतंत?"

तेव्हा ते वळले. चेहरा रागाने लाल झाला होता, जबडा आवळलेला. यार्डातले लोक तिच्या रागाला घाबरायचे, तो तिच्यात कुठून आला हे त्यांना आता कळलं असतं. पण बघायला फोरमन एकटाच होता आणि तो बादल्या एकात एक घालत होता.

"बंद कर तो पंप," बाबा म्हणाले. "बॅटरी उतरेल."

"मी कशाला करू? पाणी संपलं की होईल आपोआप."

दोघंही एकमेकांकडे न बघता उभे राहिले. धार बारीक झाली, तुटली, थांबली. पातं खाली बसलं आणि पंप बंद झाला. बाबा थोडा वेळ त्या शांततेत कान देऊन होते. मग ते पुढे आले, त्यांनी फोरमनच्या हातातून एक बादली ओढून घेतली आणि दोर नदीत सोडला.

"अजून दोनदा," ते म्हणाले.